बारा नंबरचं ताट

"मावशी, बारा नंबरचं ताट कुठंय?"

सिस्टरांनी दारातून विचारलं, तेव्हा गाडीमावशीच्या तोंडात बारा नंबरचाच भात होता.

वॉर्डाच्या टोकाला जेवणाची गाडी लावायची एक अरुंद खोली होती. एक ओटा, एक मोरी, एक स्टूल, संपली खोली. मावशी दाराकडे पाठ करून स्टुलावर बसली होती. घास धड गिळता येईना, धड थुंकता येईना. तिनं नुसतीच मान हलवली.

"अहो, मास्तर आत्ता एक्स-रेवरून आलेत. सव्वाबाराला त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलंय. एक वाजून गेला. खालून ताट आलंच नाही का?"

मावशीनं कसाबसा घास गिळला. "मास्तर आहेत?"

"आहेत म्हणजे? कुठं जाणार?"

मावशीच्या तोंडचं पाणीच पळालं. कारण मावशीच्या हिशेबी मास्तर गेले होते.

त्या वॉर्डात एक न बोलण्याची रीत होती. खाटेवरची गादी दुमडून उशाशी ठेवलेली दिसली की समजायचं, पेशंट गेला. घरी गेला की वरच गेला, ते विचारायचं नाही. दुसऱ्या पेशंटांसमोर कशाला ती चर्चा? पण जेवणाच्या ताटांचा आकडा आदल्या संध्याकाळीच स्वयंपाकघरात जायचा. त्यामुळे माणूस गेला तरी त्याचं ताट दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला यायचंच. झाकण घातलेलं, वर खाटेच्या नंबराची चिठ्ठी. अशी बेवारशी ताटं परत खाली पाठवावीत, असा नियम होता. मावशी ती पाठवत नसे. वॉर्डातलं वाटप उरकायचं, दाराकडे पाठ करायची आणि ताट संपवायचं. चार वर्षं हे चाललं होतं आणि कुणाच्या बापाला कळलं नव्हतं. आज मात्र बारा नंबरची गादी दुमडली होती ती वॉर्डबॉय मामानं. खाटेला ढेकूण झाले होते, आणि मास्तर एक्स-रेला गेल्याचा मोका साधून तो औषध मारत होता.

मावशी धावत वॉर्डात गेली. धावत म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमेल तशी. मास्तर घामानं भिजले होते, हात थरथरत होते. डोळे उघडे होते पण नजर ठिकाणावर नव्हती. सिस्टर ग्लुकोजची सुई लावत होत्या आणि मास्तर त्यांना दटावत होते, "मागच्या बाकावरची, उभी राहा! तोंडात काय आहे तुझ्या?"

सिस्टरांना बोलले ते, पण लागलं मावशीला. ओठावर भाताचं शीत तर नाही ना म्हणून तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं. "अजून दहा मिनिटं गेली असती तर..." एवढंच म्हणून सिस्टर थांबल्या. पुढचं मावशीला न बोलताच ऐकू आलं. पाव तासानं मास्तरांची नजर परत आली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "जेवणाची सुट्टी झाली का?" सगळा वॉर्ड हसला. मावशी भिंतीला टेकून उभी होती. तिला हसू आलं नाही.

आता गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं. पण ताट गेलं कुठं, हा प्रश्न उरलाच. मोठे डॉक्टर आले, त्यांनी स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला वर बोलावलं आणि सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. माणूस मेला असता तर? एक ताट पाठवायचं राहून जातं म्हणजे काय? लेखी खुलासा द्या.

आचारी तोंडाळ माणूस, पण कामाला चोख. त्याचे कान लाल झाले. "साहेब, बावीस ताटं मोजून चढवलीत मी. माझी बारीकशी चूक निघाली तरी हा झारा सोडून देईन." मग तो वळला. "मावशे, तू बोल की. तू उतरवून घेतलीस ना बावीस? का मी खोटारडा?"

सुटणं अगदी सोपं होतं. "नाही बाबा, एकवीसच होती," एवढं म्हटलं असतं की निभावलं असतं. आचाऱ्याची एक चूक माफ झाली असती, मावशीची झालीच नसती. एकोणीस वर्षं ती ही गाडी ढकलत होती. गाडी गेली तर मागे काय उरणार होतं? एक खोली, दूर राहणाऱ्या मुलीचा आठवड्यातून एक फोन, आणि भिंतीला लावलेलं शिलाई मशीन. ते नवऱ्याचं होतं. तिच्याच्यानं ते आजवर हलवलं गेलं नव्हतं.

"आलं होतं ताट," मावशी म्हणाली. "मी खाल्लं."

वॉर्डात कुणीतरी फिसकन हसलं. साहजिकच होतं. मावशीचा युनिफॉर्म चार वर्षांत तीनदा उसवून वाढवला होता. मावशी गाडी ढकलते की गाडी मावशीला ओढते, असा विनोद तीच आधी करायची, म्हणजे दुसऱ्याला करायला उरत नाही. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. आचाऱ्याचा राग मात्र कुठल्या कुठं पळाला.

"अगं मग मागायचं होतंस!" तो म्हणाला. "भुकेल्या माणसाला मी कधी नाही म्हटलंय? रोज एक जास्तीचं पाठवलं असतं तुला."

हे सगळ्यात वाईट झालं. शिव्या दिल्या असत्या तर मावशीनं मुकाट ऐकून घेतल्या असत्या. "भुकेनं नाही रे खाल्लं," असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मग कशानं खाल्लं, हे तिला तरी कुठं सांगता येत होतं?

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पुन्हा असं घडलं तर मावशीची बदली कपडे धुण्याच्या विभागात, जेवणाच्या गाडीला हात लावायचा नाही. आणि उद्यापासून आठवड्यातून एकदा आहारबाईंना भेटायचं.

आहारबाई म्हणजे पेशंटांचं पथ्य ठरवणाऱ्या बाई. वयानं मुलीसारख्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आता हे खाऊ नका, ते खाऊ नका सुरू होणार, या तयारीनं मावशी खुर्चीत बसली. पण बाईंनी वेगळंच विचारलं.

"किती खाता ते राहू दे, मावशी. कधी खाता?"

"कधी म्हणजे? बाई, मी घरी फार खातच नाही. खोटं वाटेल तुम्हाला. संध्याकाळी एकटीनं पानावर बसलं की घास फिरतो तोंडात. इथं गाडीवर बावीस ताटं असतात, त्यातल्या कशावर वासना जात नाही. आचारी चव बघायला देतो, तेही नको वाटतं."

"आणि बेवारशी ताट आलं की?"

मावशीनं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. "ते राहवत नाही. पोट भरलेलं असलं तरी. अळणी असलं तरी. भाताचा गार गोळा झालेला असतो, तरी संपवते. चव लागत नाही काही. संपलं की दोन मिनिटं बरं वाटतं, नि मग स्वतःचीच शिसारी येते."

आहारबाईंनी लिहायचं थांबवलं. "असं पहिलं ताट कुणाचं होतं, मावशी?"

मावशी ताडकन उठली. गाडीची वेळ झाली म्हणाली. अजून दीड तास होता.

त्यानंतर आठवडाभर ती मास्तरांच्या खाटेकडे बघत नव्हती. ताट ठेवायचं आणि पुढं सरकायचं. आठव्या दिवशी मास्तरांनी तिचा गाडीवरचा हात धरला.

"मावशी, त्या दिवशी माझं जेवण तुम्ही खाल्लंत म्हणे. कसं होतं?"

मावशीचा चेहरा पडला. "अळणी होतं."

"मग झाली की तुम्हाला शिक्षा. मी महिनाभर तेच खातोय." मास्तर खोखो हसले, मग खोकले. "बसा जरा. वाटप झालं ना? मला जेवायला तास लागतो, आणि समोर कुणी नसलं की दीड लागतो."

अशी ती बसायला लागली. मास्तरांना भेटायला कुणी यायचं नाही. बायको केव्हाच गेलेली, मुलं नव्हती, विद्यार्थी मात्र जगभर. मास्तर एकेक घास चावत शाळेतल्या गमती सांगायचे आणि मावशी गुडघे चोळत ऐकायची. एका दुपारी त्यांनी अर्ध्यावर चमचा ठेवला, ताट बाजूला सारलं आणि सहज म्हणाले, "आज नाही जात. तुम्ही खा माझ्या वाटणीचं."

मावशीनं ताटाकडे बघितलं आणि ती बसल्या जागी मागं सरकली. मास्तर घाबरले. "अहो, थट्टा केली मी. काय झालं?"

मग चार वर्षांत जे पोटच्या मुलीला सांगितलं नव्हतं, ते तिनं मास्तरांना सांगितलं.

तिचा नवरा याच वॉर्डात, चार नंबरला होता. शिंपीकाम करायचा. अन्ननलिकेचं दुखणं होतं. घास उतरत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवण असंच कमी राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तशी नळी होती. त्यानं ती उपसू नये म्हणून त्याचे हात खाटेला बांधले होते. ते बघून नवऱ्यानं हाय खाल्ली. "बाकी काय वाटेल ते करा, मला नळी नको," म्हणाला. प्रत्येक खाटेच्या पायाशी एक कागद लटकवलेला असे. पेशंट किती जेवला, पाव, अर्धं की पूर्ण, ते त्यावर लिहायचं. आणि लिहिणार कोण? तर गाडीमावशी.

"ते म्हणायचे, तू खा माझ्या वाटणीचं आणि लिही पूर्ण. मी पडदा ओढायची नि खायची, मास्तर. त्यांच्यासमोर बसून त्यांचं जेवण खायची. ते बघत राहायचे. शेवटचा घास झाला की म्हणायचे, शाब्बास. आणि मी कागदावर लिहायची, पूर्ण. सहा दिवस! डॉक्टरांना वाटत असणार, माणूस जेवतोय. सातव्या दिवशी अकरा वाजता गेले. साडेबाराला ताट आलं. चार नंबर. मी इथंच होते, मुलगी यायची होती. कुणीतरी ताट माझ्यासमोर ठेवलं आणि मी ते खाल्लं. नवऱ्याला खाली नेऊन तास झाला नव्हता आणि ही बया जेवत होती! रडलेसुद्धा नाही. लोक म्हणाले, धीराची बाई आहे." मावशीनं नाक पुसलं. "धीर कसला! मी त्यांच्या तोंडचा घास खाल्ला. नळी घातली असती तर जगले असते ना?"

मास्तर उशीवरून थोडे पुढं सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार. मी डॉक्टर नाही. पण एक सांगतो. चाळीस वर्षं हजेरी घेतली मी. एखादा पोरगा आला नसला की त्याचा दोस्त मागून आवाज बदलून 'हजर' म्हणायचा. मला कळायचं. मी पुष्कळदा चालवून घ्यायचो. दोस्तावरची मायाच असते ती. पण एक पोरगा होता. त्याचा दोस्त तापानं गेला, आणि हा वर्षाखेरपर्यंत त्याच्या नावाला 'हजर' म्हणत राहिला. हजेरीपटातून नाव काढायचा मला धीर झाला नाही." त्यांनी मावशीकडे पाहिलं. "चार वर्षं फार झाली हो, मावशी."

मावशी उठली. ताट उचललं आणि कागदावर लिहिलं, अर्धं.

म्हणून काही ती दुसऱ्या दिवसापासून बदलली नाही. माणूस असा बटण दाबून बदलत नाही. पण आहारबाईंकडे जाऊन तिनं पहिलं ताट कुणाचं होतं ते सांगितलं. बाईंनी तिला पथ्यबिथ्य काही दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, की ताट समोर आलं की लगेच झाकण उचलू नका. दोन मिनिटं बसा. भूक लागली आहे का विचारा स्वतःला. भूक नसेल तर मग काय आहे, ते विचारा. जे येईल ते येऊ द्या. मावशीला हे सगळं बावळटासारखं वाटलं, तरी तिनं केलं. सोळा नंबरचे आजोबा घरी गेले, त्यांचं ताट मावशीनं न उघडता खाली पाठवलं. नऊ नंबरचंही पाठवलं. मग एक तरणा मुलगा गेला, वीस नंबरचा, आणि त्या दिवशी मावशी हरली. ताट चाटूनपुसून संपवलं आणि मोरीपाशी ओकली. आहारबाईंना तिनं तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "सांगितलंत ना? मग झालं. पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ मास्तरांची निघाली.

सकाळी मावशी कामावर आली तेव्हा बारा नंबरची गादी दुमडलेली होती. तिनं मामाला शोधून काढलं. "औषध मारतोयस का रे खाटेला?" मामानं मान खाली घातली. "पहाटे गेले, मावशी. झोपेतच."

साडेबाराला गाडी वर आली. बावीस ताटं. मावशीनं बारा नंबरचं काढून ओट्यावर ठेवलं आणि बाकीची वाटायला निघण्याऐवजी ती स्टुलावर बसली. हात नुसते शिवशिवत होते. भूक लागली आहे का? नाही. मग काय आहे? छातीत काहीतरी एवढं मोठं होऊन बसलं होतं की श्वासाला जागा नव्हती, आणि ते खाली ढकलायचा एकच उपाय तिच्या हातांना माहीत होता. दोन मिनिटं झाली, पाच झाली. तिनं हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसून घेतलं.

"मावशी, अहो लोक खोळंबलेत," म्हणत सिस्टर आत आल्या आणि थबकल्या. झाकलेलं ताट त्यांनी बघितलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"मास्तरांनी परवा मला सांगितलं सगळं. तुम्हाला न विचारता सांगतोय म्हणाले, पण सांगायलाच हवं म्हणाले." सिस्टर ओट्याला टेकल्या. "मावशी, चार नंबरच्या कागदावर रोज 'पूर्ण' आणि माणूस रोज वाळतोय. आम्ही काय आंधळे होतो का? मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

मावशीनं वर पाहिलं.

"तुम्ही खाली गेला होता, तेव्हा मी तुमच्या मालकांना विचारलं. नळीचं तर डॉक्टरांनी आधीच रद्द केलं होतं. काही उपयोग नव्हता, उगाच हाल झाले असते. त्यांना माहीत होतं ते. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं त्यांना."

"माहीत होतं?" मावशीनं विचारलं. "मग मला कशाला म्हणायचे, नळी घालतील, तू खा म्हणून?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, सिस्टर, तिला बोलू नका. चार दिवस नुसत्या चहावर आहे ती. जेव म्हटलं की रागावते माझ्यावर. नळीची भीती घातली की खाते बिचारी, ताटभर जातं तिच्या पोटात. मी आहे तोवर तेवढं तरी होऊ दे." सिस्टरांनी डोळ्यांच्या कडा बोटानं टिपल्या. "तुम्हाला ठाऊक असेल असंच वाटत होतं मला. तुम्ही रडला नाहीत, मीही विषय काढला नाही. राहूनच गेलं, मावशी. चुकलं माझं."

मावशीनं मांडीखालचे हात काढले. ते बधिर झाले होते. "म्हणजे ते मला जेवायला घालत होते?" तिनं विचारलं. सिस्टरांनी मान डोलावली. आणि मावशी रडायला लागली. आधी आवाज नव्हता, मग आला, आणि मग तो तिलाही आवरेना. चार नंबरला, बारा नंबरला, वीस नंबरच्या पोराला, सगळ्यांना ती एकदम रडली.

सिस्टर थोडा वेळ तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी जे त्या इस्पितळात कुठल्याही सिस्टरनं कधी केलं नव्हतं ते केलं. जेवणाची गाडी धरली आणि ढकलत वॉर्डात नेली.

बाहेर बघता बघता गोंधळ उडाला. "बिनमिठाचं कुणाचं?" सिस्टरांचा आवाज आला. "अहो सिस्टर, मला सूप नसतं!" "माझं कुणाला दिलंत?" कुणीतरी हसलं, कुणीतरी कुरकुरलं. मग गाडी आठ नंबरपाशी अडली. तिथली फरशी उचकटलेली होती, गाडी जरा उजव्या अंगानं काढावी लागायची, आणि हे सिस्टरांना कुठून ठाऊक असणार?

मावशीनं नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. ताट ओट्यावर झाकलेलंच होतं. ती दोन्ही गुडघ्यांवर हात रोवून उठली आणि दारातूनच म्हणाली, "थांबा सिस्टर, ओढू नका तशी. मी येते."